बरब्बा

बोकड नवसाचा होता.
मला नवव्या वर्षी मेंदूत ताप चढला
तेव्हा मोठ्या आईनं मरीमायला बोललेला.
मी उठून बसलो. बोकड वाढत राहिला.
आणि चैत्र लागायच्या आत बाबा
पैनगंगेच्या डोहात बुडून वर आले,
पाळकाचा हात डोक्यावर घेऊन.

काका दावं हातात धरून दारात उभा.
बाबा म्हणाले, "याचं देणं फिटलं, दादा. दुसऱ्यानं फेडलं."
"पावती दाखव."
बाबांनी पुस्तक उघडलं.
काकानं ओळीवरून बोट फिरवलं, वाचता न येणारं,
"सही कुठं हाये याच्यावर?"

बाबांनीच नाव ठेवलं बरब्बा,
दुसरा मेला म्हणून सुटला तो.

सुटलेल्यानं काय केलं?
तुरीचे शेंडे खाल्ले. बाभळीवर चढला.
गीतांच्या पुस्तकाची चौदा पानं चघळली.
गावातल्या निम्म्या करडांना त्याचे कान आहेत.
उपकाराची एक खूण नाही अंगावर.

उत्तम शुक्रवारी देवळाचं टिन कडकडतं,
बारा ते तीन, ओले रुमाल डोक्यावर,
आणि दरवर्षी पाळक त्या जागी येतात
जिथं जमाव ओरडून कुणाला तरी सोडवून घेतो.
नाव ऐकलं की बाहेर निंबाखालून
बरब्बा ओ द्यायचा.
पोरं फिदीफिदी. बाबासुद्धा मान खाली घालून.
माझा भाऊ शांतवन तर बाकाखालीच जायचा हसता हसता.

मी सतरा वर्षांचा होतो.
पाणी खोल गेलं म्हणून इंजिन विहिरीत, टप्प्यावर उतरवलेलं.
मी बंद करायला उतरलो.
धूर दिसत होता, पण मला वाटलं, एवढाच तर आहे.

शांतवन माझ्यामागून आला.
पट्टीचा पोहणारा. धुरात पोहता येत नाही.
दोर हातभर कमी पडला, तेव्हा कुणीतरी धावत जाऊन
बरब्बाचं दावं सोडून आणलं, जोडलं.
माझ्या काखेखालची गाठ त्यानं मारली.
नंतर पाहिली मी ती, बैलाला मारतात तशी,
घाई नसलेल्या माणसाची.
काकानं मला ओढलं. दोन्ही तळहात सोलून निघाले.
दोर परत खाली गेला.
कुणी धरला नाही.

मातीच्या वेळी पाळक प्रेमाबद्दल बोलले,
सर्वांत मोठ्या प्रेमाबद्दल.
माझं लक्ष बोकडाकडे. गळ्यात दावं नसलेला तो
ताज्या मातीवरचा झेंडू खात होता
आणि कुणी हाकललं नाही.
काका हाताला फडकी बांधून उभा होता.
त्यानं पावती पुन्हा मागितली नाही.

माय कधी कधी मला चुकून त्याच्या नावानं हाक मारते.
मी ओ देतो.

यंदा बरब्बाला ऐकू येत नाही.
दात गेले, पाठीवर निंबाचा मोहर पडला तरी झटकत नाही.
पाळक त्या जागी आले. नाव घेतलं.
पोरं हसायला तोंड उघडून बसलेली,
बाहेरून काहीच नाही,
टिनाचा आवाज फक्त.
आणि तिसऱ्या बाकावरून मी म्हणालो, "ओ."

हळूच. तरी माना वळल्या.
कुणी हसलं नाही.

संध्याकाळी बाबांना विचारलं,
त्या पहिल्याचं पुढं काय झालं, सुटल्यावर?
"पुस्तकात नाही."
बराच वेळ बिडी न पेटवता बोटांत फिरवत राहिले.
"जगला असन. मंग काय करतं माणूस?"
मग निंबाकडे पाहून,
"जाय, त्याले पाणी दाखव."

मी बादली घेतली.
आमच्याकडे विहीर एकच आहे.