दोन्ही वाटा

पारशिवनी मागे पडली तेव्हा आठ वाजले होते
आणि आम्ही दोघी मिळून तीन वाक्यं बोललो होतो.
त्यातलं एक ड्रायव्हरशी.

बेत पोरांचा. मारबत निघाली त्या दिवसापासून
केतकी आणि हर्षल घोकत होते:
सोपी टेकडी आहे, गोल वाट, मधे धबधबा.
आणि काल रात्री दोघांनाही एकदमच काम निघालं.
दोन विहिणी एका गाडीत कोंबल्या
की आंबलेलं गोड होतं, असं वाटतं या पोरांना.

पायथ्याशी मनिराम उईके, हातात दोन काठ्या.
"डावीकून जा का उजवीकून जा, बाई,
वाट इथंच येते. मधात पाणी भेटते."
प्रमिलाताई म्हणाल्या, डावीकडून.
मी म्हटलं, उजवीकडे सावली आहे.
मनिराम हसला नाही.
एक काठी त्यांना दिली, एक मला,
आणि आम्ही खरंच निघालो की दोन दिशांना!
साठी ओलांडलेल्या बाया,
कट्टी घेतलेल्या पोरींसारख्या.

सावली होती. सागाला फुलोरा,
पायाखाली त्याचाच पांढरा चुरा.
चढ कसला, इतवारीतल्या दुकानाचा जिना याहून उभा.
वळणावर अचानक सगळं उघडं पडलं:
धानाच्या हिरव्या बांध्या,
तुकड्यातुकड्यानं चमकणारा कालवा,
दूर खापरखेड्याच्या चिमण्या, धूर जागच्या जागी.
"बघा," म्हणत मी मान वळवली.
मागे कोणी नव्हतं.

पाणी आधी ऐकू आलं, मग ताई दिसल्या.
पलीकडच्या दगडावर, चपला हातात, पाय पाण्यात.
धबधबा काही मोठा नाही, दीड माणूस उंच.
पण रुंद. आणि कातळाच्या दातांवरून सुटताना
त्याची कड अशी कापत, जुळत येत होती
की मला बघवेना.
करवती काठ.

लग्नात त्यांनी दिलेली टसर. मातकट अंग, लाल काठ.
गोळीबार चौकातला माग बंद व्हायच्या आधी
निनावे भाऊजींनी विणलेली शेवटची.
हे मला कोणी सांगितलं नव्हतं.
मी ती नणंदेच्या सुनेला आहेरात दिली.
नागपूर ते केवढं?
एका मुंजीच्या पंगतीत
ती साडी नेमकी ताईंच्या समोर येऊन जेवायला बसली.

पाण्याजवळ बोलायचं तर ओरडावं लागतं.
"मला माहीत नव्हतं!"
"काय?"
"साडीचं!"
त्यांनी कानाला हात लावला.
ऐकू आलं नसेल. किंवा आलं असेल.
मग पिशवीतून डबा काढला,
झाकणात दोन सांबारवड्या घातल्या
आणि झाकण मधल्या दगडावर ठेवलं,
माझा हात पोचेल तिथे.
खाताना आम्ही दोघी पाण्याकडेच बघत होतो.

सोबत चला म्हणाल्या असत्या तर गेले असते.
पण त्या उठल्या आणि माझ्या वाटेनं निघाल्या.
मी त्यांच्या.

त्यांच्या वाटेवरही सावली होती. माझ्याहून जास्त.
आणि चिखल.
काठीची भोकं, शेजारी चपलेची खूण,
भोकं, खूण, भोकं,
मग पळसाच्या वळणावर एक लांब घसरडा पट्टा
आणि त्याच्या टोकाला हाताचा पंजा,
पाचही बोटं, मनगटाशी बांगडीची अर्धी गोलाई.
म्हणजे पडल्या होत्या.
तशाच उठून, हात धुऊन
पाण्यात पाय सोडून बसल्या होत्या माझी वाट बघत.
मी काठी रोवली, जपून पाऊल टाकलं
आणि पडले.

खाली आले तर त्यांचा चहा अर्धा झालेला.
"जमलं का, बाई?" मनिराम.
"सोपी आहे," त्या म्हणाल्या.
"सोपीच आहे," मी म्हटलं.
त्यांनी माझ्या कोपरावरची माती पाहिली,
एक घोट घेतला.
"पळसापाशी का?"
"हो."
"मनिराम," त्या म्हणाल्या, "यांच्यात साखर कमी टाक."