दोन खिळे

तार आली तेव्हा संक्रांत उलटून बारा दिवस झाले होते
आणि आळेकरपंतांच्या टेबलावरची तिळगुळाची वाटी
मुंग्यांनी धरली होती.
‘जर्मनीतली निवडणूक,’ पंत म्हणाले,
‘अर्धा कॉलम. दिवे लागायच्या आत.’

मी चिंधू निमजे, तांडापेठेतला.
बापानं धोटा चालवला, मी खिळे जुळवतो.
धागा तुटला तर गाठ मारता येते.
ओळ तुटली तर पंतांची बोलणी.

जर्मनीला रफार लागतो.
माझ्या केसमध्ये रफार चौदा,
त्यातले तीन झिजलेले.
पाचव्या ओळीपासून मी
‘त्या देशात’ असं जुळवू लागलो.

त्या देशात म्हणे
पंचवीस पुरी झालेल्या पुरुषाला मत.
विणकराला, न्हाव्याला,
छापखान्यातल्या जुळाऱ्यालासुद्धा.
मला अठ्ठावीस.
स्टिक हातात धरून मी उगाच जरा ताठ उभा राहिलो.

खेड्यापाड्यांत पेटी नसते.
सिगारचं खोकं ठेवतात,
कुठं रश्शाचं झाकणाचं भांडं.
पाकिटं एकावर एक पडतात, पडतील तशी,
आणि जमीनदाराचा कारकून
नुसत्या थरावरून सांगतो
कोण कुठं फिरला ते.
हसलो.
म्हणजे तिकडंही आहे बाप्पा मालगुजार.

हुसनू यंत्राला तेल घालत होता.
गॅलीवर वाकून उलटी अक्षरं चाचपत म्हणाला,
‘म… त… मत? क्या मत? काय नको?’
‘नको नाही रे. मत. आपलं म्हणणं.’
‘आपलं म्हणणं,’ तो म्हणाला,
आणि पुन्हा तेलाकडं वळला.

मग ती ओळ आली.
तीनशे सत्त्याण्णव जागांत एकशे दहा,
कामगारांचा पक्ष, सगळ्यांत मोठा.
कामगारांचा.
म्हणजे कोणाचा, हे कळायला
मला तारेची गरज नव्हती;
तेवढ्यात एम्प्रेस मिलचा भोंगा झाला
आणि जुम्मा दरवाज्यापर्यंत रस्ता
कापसाच्या पांढऱ्या भुवयांनी भरला.

प्रूफ आलं ते तांबड्या पेन्सिलीनं कापून.
‘चिंधू, दोन हजारांचा जामीन आहे आपला.
दिल्लीचा दरबार होऊन दीड महिना झाला नाही.’
ओळ गेली.
तिच्याखालची मात्र ठेवली पंतांनी,
खालीवर दोनदा वाचून:
प्रधान कोण, हे बादशहाच ठरवील.
‘ही राहू दे. हिला काही होत नाही.’

रिकाम्या जागेत बसला
संत्र्यांच्या करंड्यांचा भाव,
इतवारीतल्या अडत्याकडून आलेला,
नेमका तेवढाच लांब.

कापलेली ओळ मी सुतळीनं बांधून
खिडकीत ठेवली होती, दोन दिवस.
तिसऱ्या दिवशी प्लेगची नोटीस आली
आणि ‘म’ संपले.
मरण, महामारी, मुनसिपालटी,
काय ‘म’ लागतो म्हणून सांगू.
ओळ सोडली. खिळे आपापल्या घरात टाकले.
एकशे दहा गेले एक, एक, शून्य होऊन.
दोन खिळे मात्र टाकले नाहीत.

तांडापेठेपर्यंत मूठ आवळून चाललो.
चोरी म्हणा. शिशाचे दोन तुकडे.
थंडी अशी की बोटं सुटेनात.

दिव्यापाशी सोनाईनं हात उघडला.
खिळ्यावर अक्षर उलटं असतं,
कातडीवर सुलटं उमटतं;
पण अंधारात माझीच चूक झाली होती,
‘त’ आधी धरलेला, ‘म’ मागून.
तिला वाचता येत नाही, तेवढं बरं.
अंगठ्यानं चोळत विचारलं,
‘काय चावलं?’

‘काही नाही.’
तिनं भाकर वाढली.
मोडेपर्यंत तळहात
कोरा झाला होता.

सकाळी पंतांना ‘म’ कमी पडला
तेव्हा मी खिशातून काढून दिला.
‘त’ अजून आहे.