दुसरा खाचा

दुकानात तेव्हा आम्ही दोनच आकडे विकायचो,
सोळा आणि बत्तीस.
मालक रिमगाउदासचं सांगणं एवढंच:
गिऱ्हाईक घुटमळलं की बत्तीस म्हण
आणि पुढं तोंड उघडू नकोस.

ती आली मार्चमध्ये,
क्लायपेदाच्या बंदरावरचा ओला वारा दारातून आत घेऊन.
रबरी बूट. कोटाच्या खिशाला अडकवलेली पक्कड.
नाव दांगुओले.
खाडीच्या टोकाशी पाखरांच्या पायात कड्या घालायचं काम,
एकोणतीस वर्षं.
नोंदी सगळ्या वह्यांत, त्या आता संगणकात हव्यात.

मी म्हटलं, बत्तीस.
ती म्हणाली, कशाला?

हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
मग काउंटरवर पावत्या पसरल्या:
मागचं कपाट म्हणजे डिस्क, त्यात सगळं राहतं.
मेमरी म्हणजे हे टेबल,
एका वेळी उघडं मांडाल तेवढं.
वीज गेली की टेबल साफ.
"साफ म्हणजे?"
काही उरत नाही.
"हां. म्हणजे पिशव्या."

जाळ्यातून सोडवलेलं पाखरू कापडी पिशवीत ठेवतात,
तिनं सांगितलं. अंधारात ते गप्प बसतं.
मग वजन, पंख, कडी, आणि खिडकीतून बाहेर.
खुंट्यांवर पिशव्या बारा. तेरावी नाही.
दोन हातांना तासाभरात बाराच उरकतात,
आणि ताटकळलेलं पाखरू झडतं.
"जाळी माझ्याकडे चाळीस आहेत.
उघडते किती, ते विचार."

सोळा घेतली तिनं.
मी रिकामा खाचा बोटानं दाखवला,
पुढंमागं लागलीच तर.
तिनं त्यावरची धूळ फुंकली.

मे महिन्यात फोन. "आत काहीतरी खुडबुडतंय."
टेबल भरलं, मी म्हटलं,
बिचारा सारखा कपाटाकडे पळतोय.
उघडं काय काय आहे?
तिनं मोजलं. सात.
"मग चूक माझीच," म्हणाली, आणि फोन ठेवला.
माझी पट्टी फळीवरच राहिली.

सप्टेंबरच्या शेवटी स्वतः हजर.
लितासच्या नोटा मोजून ठेवल्या, दमट, मिठाचा वास.
आणखी एक सोळा.
मी जिंकल्यासारखा हसलो असणार,
कारण तिनं लगेच सांगितलं:
"ऑक्टोबरात थवे उतरतात.
विद्यापीठाची मुलं येतात, नऊ जण.
हात वाढतात, म्हणून."

पट्टी चंदेरी पिशवीत होती.
ती पिशवी पाहून तिला हसू आलं.
कडेनं धरा, असं मी सांगायच्या आत
दोन बोटांत तिनं ती अलगद धरली होती,
उजेडात उलटीपालटी केली,
कुठं नंबर आहे का ते पाहिलं.

दारातून वळली.
"मुलं गेली की नोव्हेंबरात परत घेशील?"

मागं रिमगाउदासची मान जोरजोरात हलत होती.
घेईन, मी म्हटलं.
पावतीवर मात्र तसं काही लिहिलं नाही.