अठरा अंश

नाशकातल्या शोरूममधला पोरगा
हॉर्सपॉवर सांगत होता,
आणि मी दार उघडून लावत होते.
पुन्हा उघडून, पुन्हा लावत होते.
चांदणीवाली सकाळीच बघून झाली होती,
चार कड्यांवालीत बसून झालं होतं,
तिचं दार जरा ठण्ण वाजलं.
हिचं धप्प.
सावद्याला आमच्या तीन नंबर चेंबरचं लागतं तसं,
की आतल्या केळीपुरतं बाहेरचं जग मिटलं.

"चालवणार साहेबच ना?"
माझ्या डोक्यावरून त्यानं ह्यांना विचारलं.
ब्रोशरमध्ये अ‍ॅव्हरेज शोधत हे म्हणाले,
"ती चालवते. मी बसतो."
रंग कुठलाही द्या म्हटलं, पांढरा सोडून.

घरी सासरे म्हणाले,
"इतल्या पैशात तं अजून दोन चेंबर झाले असते."
झाले असते.
हा हिशेब मी त्यांच्याआधी केला होता.

मे महिन्यात स्क्रीनवर सत्तेचाळीस दिसतं.
आमोद्याच्या पुढे डांबर पाण्यासारखं हलतं.
आत अठरा.
केळी पिकायलाही एवढंच लागतं: अठरा अंश,
थोडा गॅस, चार दिवस,
आणि मधेच कोणी दार न उघडणं.
भुसावळपर्यंत पाऊण तास
मला कोणी उघडत नाही.

हे सोबत असले की डावीकडे बसून
नसलेला ब्रेक दाबतात.
मॅटवर त्यांचा अंगठा उमटलाय.

पहिल्याच वर्षी उंदरानं वायर खाल्ली.
समोर पिवळा दिवा लागला, आणि एक वाक्य,
की बेतानं चालवा.
पुण्याहून पार्ट अकरा दिवस निघाला नाही.
रशीद मिस्तरी आला. निम्म्या तालुक्याचे ट्रॅक्टर
ज्याच्या हाताखालून गेलेत, तो
हात मागे बांधून बॉनेटमध्ये बघत राहिला
रुखवत बघावा तसा.
"हिच्यात पाना घालायला जागाच नाही ठेवली, ताई."
मग खिशातून तंबाखू काढली,
अर्धी मळली,
अर्धी फडक्यात बांधून इंजिनाजवळ टांगली.
त्यानंतर उंदीर आला नाही.
नाशिकचा सर्व्हिसवाला दर वेळी ती पुरचुंडी सोडवतो,
पिशवीत घालून परत देतो,
बिलासोबत.

जैनब तडवीला वाघोद्याला सोडायचं होतं.
दिवसभर फण्या धुऊन तिच्या हातांना सुरकुत्या.
आधी नाहीच म्हणाली,
मग सीटवर पेपर पसरून बसली, पाठ न टेकता.
गाडी टिंग टिंग करायला लागली.
"कोनावर वरडते ही?"
मी वाकून तिचा पट्टा लावला. टिंग टिंग थांबली.
"सासूच हाये," जैनब म्हणाली,
"बांधून घेतलं का गप."
उतरताना पेपर घडी करून घेऊन गेली.
मागे सीट जशीच्या तशी.

डाग माझाच.
सकाळी घड हाताळले होते,
कोपर पुसायचं राहिलं,
आणि मधल्या टेकूचं कातडं दुधावरच्या सायीच्या रंगाचं.
चीक आधी पाण्यासारखा असतो, दिसत नाही.
तिसऱ्या दिवशी तपकिरी, मग काळा,
मग धुण्याच्या पलीकडचा.
आमच्याकडे प्रत्येकीच्या एका तरी साडीवर
असा नकाशा असतो.
लिंबू झालं, रॉकेल झालं,
नाशिकचा महागडा फेस झाला.
"कव्हर बदलून देतो मॅडम. बासष्ट हजार."
राहू दे म्हटलं.
कोपराला आता त्याची जागा सापडते, न बघता.

रात्री शेवटचा ट्रक भरून गेला की
मी तीन नंबर लावते. धप्प.
मग अंगणात येते,
पर्स राहिलेली असते, ती घेऊन हिचं लावते.
गेटपाशी झोपलेलं कुत्रं
दोन्ही वेळा मान वर करतं,
दोन्ही वेळा परत ठेवतं.