फिकट रेघ

पट्टीवर एक रेघ ठळक उमटली
आणि तिच्याखाली दुसरी,
असली तर असली.
नर्स नानूलीने पट्टी खिडकीपाशी नेली,
चष्मा कपाळावर चढवला, पुन्हा डोळ्यांवर ओढला.
"हिपॅटायटिस सी. पण धड हो म्हणवत नाही,
धड नाही म्हणवत नाही.
नळीभर रक्त दे, त्सिआला, त्बिलिसीला पाठवते.
नुसत्या रेघेवर कुणाला आजारी ठरवत नसतात."

आईने दंड पुढे केला,
शेजारणीपुढे पिठाचा डबा सरकवावा तसा.

रेघ कुठून आली असेल, हे मी मनात ठरवूनही टाकलं.
त्र्याण्णवचा जानेवारी. खोनीचं प्रसूतिगृह. वीज नाही.
मी आडवा, ती रिती होत चाललेली,
डॉक्टर कंदील घेऊन पायरीवर आला आणि रक्तगट ओरडला.
बर्फात अडकलेल्या पावाच्या गाडीचा ड्रायव्हर
बाही वर सारत आत शिरला.
गट जुळला. त्याहून जास्त तपासायला
ना सामान होतं, ना सवड.
सकाळी रस्ता मोकळा झाला. तिच्या उशाशी
दोन पाव ठेवून तो गेला. नाव विचारायचं राहिलं.
दर वाढदिवसाला देवळात
आधी त्याची मेणबत्ती, मग माझी.

तेरा दिवस लागले.
त्या तेरा दिवसांत मी लेकीचा कप
वरच्या फळीवर ठेवला.
कपाने पसरत नाही, हे नानूलीने दोनदा सांगितलं होतं,
मला ते आधीही माहीत होतं.
आईने पाहिलं. काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवसापासून कानतुटक्या कपातून चहा प्यायली,
तोच धुऊन खिडकीत पालथा घालायची.

माझा वाढदिवस त्यातच आला.
मी बाहेर गाडीत बसून राहिलो, इंजिन चालू ठेवून.
त्याची नको लावूस, हे ओठांवर आलं होतं.
तिने लावली असणार. हाताला मेणाचा वास होता.

कागद आला: विषाणू आढळला नाही.
"मग ती रेघ?"
"कधीकाळी आला असेल, अंगानेच हाकलला असेल.
किंवा कधी आलाच नसेल. पट्टीही चुकते."
"यातलं खरं कोणतं?"
नानूलीने खांदे उडवले. "औषध लागणार नाही. घरी जा."

"म्हणजे त्या ड्रायव्हरचं रक्त—" मी म्हणालो.
आई कोटाची बटणं लावत होती,
मधलं एक सापडेना.
"त्याच्यावर आळ घेऊ नकोस," म्हणाली,
"आणि सुईदोरा घे जाताना, काळा."

घरी आल्यावर मी कप खाली काढला.
लेकीने विचारलं, वर का होता?
धूळ बसेल म्हणून, मी म्हटलं.
तिने आत बोट फिरवून पाहिलं.
बसलीच होती.