दोन हजारचा कागद

रात्री तांबळडेगच्या वळणावर
समोरून टेम्पो आला की त्याचा दिवा
एक दिवा राहत नसे.
बुलेटच्या काचेवर फुटून त्याची कडी व्हायची,
कड्यात कडी, कोळ्याच्या जाळ्यासारखी,
आणि मी त्या जाळ्यातून गाडी हाकायचो,
उजवीकडे समुद्र आहे
एवढ्याच माहितीवर.

बावतीसने तिरका टॉर्च मारला.
"वारो असो गोल पुसणा नाय," म्हणाला,
"वाळू सरळ लागता. हो माणसाचो हात."
अंगठ्याचं नख एकेका रेघेवरून ओढलं.
अडलं तर खोल.
"सुक्या कागदान पुसतस?"

मी पुसत नाही.
मीटर वाचायला सातला निघतो तेव्हा
ती पुसलेलीच असते.

एकतीस वर्षं, देवगड आगार.
पहाटेची पहिली गाडी काढण्याआधी
कालचा पेपर चुरगळून, तोंडाची वाफ सोडून
बाबा समोरची काच पुसायचे,
कोपऱ्यापासून आत, गोल गोल.
ती काच काच होती.
खारं वारं, पेपर, घाटातले खडे,
तिने सगळं सोसलं.
ही नुसती काचेसारखी दिसते.
रात्रभर समुद्र हिच्यावर मीठ ठेवतो, बारीक वाळू ठेवतो,
आणि पाचला उठून बाबा
ती वाळू नीट दाबून फिरवतात.

रविवारी चार स्क्रू काढले, एक गंजलेला, तो तासभर.
आधी साबण, मग पाणी, परत पाणी.
आठशेचा कागद बादलीत भिजवून
वरून खाली घासायला लागलो
आणि काच आंधळी झाली.
पेजेच्या निवळीसारखी पांढरी, आरपार काही नाही.
बावतीसला फोन लावला.
"भिया नको," तो हसला.
"आठशेचो ओरखडो पंधराशेन काढ,
पंधराशेचो दोन हजारान, आडवो.
ओरखडो जाणा नाय रे. बारीक होता.
इतको बारीक, की दिसूचो थांबता."

पडवीत बाबा अडकित्ता घेऊन बसलेले.
"कोणी वरखडल्यान ही?"
"वाऱ्याने," मी म्हणालो.
"वारो मेलो," म्हणाले,
आणि सुपारी कातरली.

दोन हजारचा कागद हाताला कागद वाटतच नाही.
ओल्या जिभेवरून बोट फिरवल्यासारखा.
मग जुन्या गंजीवर पॉलिश.
दुपार गेली, मनगट गेलं,
आणि पांढऱ्यातून हळूहळू
आधी माडाचा बुंधा आला,
मग दोरीवरचे कपडे, मग कपड्यांचे रंग.
उजवीकडे खाली एक राहिला, काजूच्या फांदीचा.
तो काढत बसलो असतो तर काच तिथे पातळ झाली असती
आणि तेवढ्या जागेतून
रस्ता कायमचा वाकडा दिसला असता.

संध्याकाळी काच बसवली. बाबा बाहेर आले,
थबकले.
"काच खंय गेली?"
हात पुढे केला. बोटं टेकली.
पाच ठसे उमटले, तेव्हा कुठे खात्री पटली.

मी सीटवर तांब्या ठेवला, वर मऊ फडकं.
म्हटलं, कंपनीने सांगितलंय, आधी पाणी ओतायचं,
पुसायचं नाही, नुसतं टिपायचं.
"कंपनीक काय म्हायती हंयचा वारा," ते म्हणाले.
पण तांब्या आत नेला नाही.

पाचला जाग आली.
पाणी ओतल्याचा आवाज. एकदा. परत एकदा.
मी कूस बदलली.
आणि मग, अगदी हलका,
पेपर चुरगळल्याचा.

परवा रात्री तांबळडेगला टेम्पो आला.
एक दिवा. स्वच्छ, गोल, एकटा.
त्याच्याभोवती
केसाएवढं बारीक
एक नवं कडं.