शाल्मलीचा डबा

सुतारमळ्यातलं पाणी ओसरल्यावर
चिखलात सापडला होता हा स्टीलचा डबा.
झाकण नव्हतं. आठवडाभर चौकातल्या कट्ट्यावर ठेवून बघितला,
न्यायला कोणी आलं नाही.
मग मीच त्यात खिळे ठेवायला लागलो.
बुडाला ठिपक्याठिपक्यांचं नाव:
सौ. अनुसया धोंडिराम चौगुले,
वास्तुशांतीप्रीत्यर्थ.
साल घासलं गेलेलं.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत शाल्मली म्हणाली,
"पप्पा, किल्ला सगळीच करत्यात. मी भुताचं घर करतो."
इथल्या पोरी अशाच बोलतात, मी करतो, मी जातो.
तिची पुण्याची मामी हसते.

डबा आडवा झाला. खिळे माझ्या टोपीत.
जमीन चहाच्या चोथ्याची, तीन दिवस पत्र्यावर वाळवलेली,
तरी आल्याचा वास जाईना.
छपराला चपलांच्या पट्ट्यांतून उरलेली कात्रणं,
एकावर एक, कौलांसारखी;
डिंक नको म्हणाली, तुमचं सोल्यूशन द्या.
झाड घासणीच्या तारांचं. त्यातल्या दोन तिच्या बोटात गेल्या.
विहीर म्हणजे औषधाच्या बाटलीचं बूच,
आत काळं बूटपॉलिश, त्यावर नखानं काढलेलं एक वलय,
आत्ताच काहीतरी खाली गेल्यासारखं.
जळमटं मात्र खरी.
माळ्यावरून काडीवर गुंडाळून आणली,
कोळ्याला सॉरी म्हणून.

"आणि भूत?"
कापूस, अंड्याचं टरफल, सगळं मांडून बसलो होतो मी.
"भूत दिसलं की भ्या वाटत न्हाई पप्पा.
दार जरा उघडं ठेवायचं. बास."

मग खिळा घेतला, हातोडी घेतली
आणि बाहेरून एकेक ठिपका भोसकत गेली.
"चांदण्या पाडतोय."
परक्या बाईच्या नावात खिळे.
मला अवघडल्यासारखं झालं,
पण ठिपके आयते होते, हेही खरं.

रात्री जुन्या माळेतला एक बल्ब आत लावला,
खोलीतला दिवा घालवला.
मागच्या भिंतीवर नाव पडलं.
उलटं.
दोनदा रंग देऊनही पुराची रेघ दिसते तिथं,
तिच्या जरा वर, मोठ्ठी, थरथरती अक्षरं,
टाचा पुढं, बोटं मागं,
हडळीचे पाय असतात म्हणे तशी.
बायको पोळपाट घेऊन उंबऱ्यातच थांबली.

शाल्मलीनं माझा दाढीचा आरसा आणला,
भिंतीकडं पाठ केली, आरशात बघून वाचलं,
पहिलीतल्या पोरीसारखं, मोठ्यानं:
अ. नु. स. या.
कोणी ओ दिली नाही.
गल्लीत कुत्रं भुंकलं, तेवढंच.

बराच वेळ गप्प.
मग, "पप्पा, ह्या घराला जिना न्हाई."
"भुताला कशाला जिना?"
"पाणी आलं तर?"

चार वर्षांची होती ती तेव्हा.
आत्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही नऊ जणं,
आणि ही उठल्याउठल्या मोठ्या माणसासारखी विचारायची,
राजाराम बंधाऱ्यावर किती फूट?

आगपेटीतल्या अकरा काड्या गेल्या.
गुल मोडून टाकले, पायऱ्या चिकटवल्या,
विहिरीच्या बाजूनं थेट वर,
चामड्याच्या कौलांत एक चौकोन कापून.
सोल्यूशन सुकेपर्यंत
तिनं तो जिना बोटानं दाबून धरला होता.
आत कुणाचा तरी तोल सांभाळावा, तसा.

सकाळी बायको ओरडत होती,
आगपेटी कुणी संपवली म्हणून.